फाइल ट्रान्सफरचे प्रोग्राम ‘सगळे सारखेच’ नसतात

वेबसाइट नव्याने सांभाळायला घेतलेल्या लोकांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. त्याचा आशय असा: फाइल ट्रान्सफरचे सगळे प्रोग्राम सारखेच, जो वेगवान तो घ्या. साधा एफटीपी (सर्व्हरवर फाइली पाठवण्याची जुनी पद्धत) सगळ्यात वेगवान, कारण एन्क्रिप्शनने, म्हणजे डेटा कूटबद्ध करण्याने, वेग निम्मा होतो. कनेक्शन वाढवा, फाइली लवकर जातील. पासवर्ड सेव्ह करा, तो तुमच्याच कॉम्प्युटरवर राहतो. आणि १०० टक्के दिसलं की काम झालं. सल्ला लक्षात ठेवायला सोपा आहे, म्हणून पसरतो. पण जो नवखा माणूस तो पाळतो, त्याची वेबसाइट धोक्यात येते. म्हणून त्यातलं एकेक विधान तपासायला हवं.

‘सगळे सारखेच.’ फाइलझिला आणि विनएससीपी हे दोन प्रोग्राम शेजारी ठेवले तर तसं वाटू शकतं: डावीकडे आपला कॉम्प्युटर, उजवीकडे सर्व्हर. फरक आत आहे. फाइलझिला विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. एफटीपी आणि त्याऐवजी वापरायच्या दोन कूटबद्ध पद्धती, एफटीपीएस आणि एसएफटीपी, हे त्याचं मुख्य काम. विनएससीपी फक्त विंडोजचा, पण त्याला वेबडॅव्ह (वेबवरून फाइली हाताळण्याची पद्धत) आणि अॅमेझॉन एस३ हे क्लाउड स्टोरेजसुद्धा कळतं, आणि स्क्रिप्ट (आज्ञांची यादी) लिहून रोजचं काम त्याच्यावर सोपवता येतं. सायबरडक मॅकवर जन्मला, नंतर विंडोजवर आला. क्लाउड स्टोरेजशी बोलण्यात तो पुढे, पण त्यात दोन बाजूंची खिडकी नाही. आरसिंक हा प्रोग्राम तर वेगळ्याच विचाराने बनलेला आहे. १९९६ साली अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी तो आणला तो मुळी बदललेला तेवढाच भाग पाठवता यावा म्हणून. मोठ्या फोल्डरची प्रत रोज ताजी ठेवायची असेल, तर खिडकीवाला कुठलाही प्रोग्राम त्याच्यापुढे कमी पडतो.

‘साधा एफटीपी सगळ्यात वेगवान.’ हे विधान सगळ्यात घातक, म्हणून इथे थोडं थांबतो. एफटीपीचा पहिला मसुदा एमआयटीतल्या अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये लिहिला. तेव्हाच्या नेटवर्कवर मोजकी यंत्रं होती आणि त्यांच्यावर काम करणारे लोक बहुतेक एकमेकांच्या माहितीतले. त्यामुळे युजरनेम आणि पासवर्ड उघड्या अक्षरांत पाठवण्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. साधा एफटीपी आजही तेच करतो. वाटेत ट्रॅफिक बघू शकणाऱ्या कुणालाही तुमचा पासवर्ड वाचता येतो, त्यासाठी काही फोडावं लागत नाही. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड टिपले गेले, आणि त्यावर उपाय म्हणून टाटू युलोनेन यांनी एसएसएच (दूरच्या कॉम्प्युटरशी कूटबद्ध जोडणी करण्याचं तंत्र) तयार केलं. एसएफटीपी त्याच्याच आधारावर उभा आहे. क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरनी २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकला.

आता वेगाचं. २०१० पासून डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये एईएस या एन्क्रिप्शनच्या प्रचलित पद्धतीसाठी खास सूचना येऊ लागल्या. आजच्या कॉम्प्युटरवर घरगुती इंटरनेटच्या वेगाने जाणारा डेटा कूटबद्ध करणं प्रोसेसरला किरकोळ काम आहे. १०० मेगाबिटची लाइन सेकंदाला जेमतेम साडेबारा मेगाबाइट नेते. तिथे अडतं ते लाइनवर. तरीही दूरच्या सर्व्हरवर एसएफटीपी रेंगाळतो असा अनुभव लोकांना येतो, आणि तो खोटा नाही. दोष मात्र एन्क्रिप्शनचा नाही. एसएफटीपीमध्ये फाइल तुकड्यातुकड्याने जाते आणि प्रत्येक तुकड्याची पोच येते. जो प्रोग्राम एका पोचेची वाट बघत बसतो तो मंदावतो. जो पुढचे बरेच तुकडे आधीच वाटेला लावतो तो चांगला पळतो. वेगाची तुलना करायचीच तर ती इथे करा. सर्व्हरवर एसएफटीपी नसेल, तर निदान टीएलएस या कूटबद्ध जोडणीवरचा एफटीपी, म्हणजे एफटीपीएस मागा. फाइलझिला, विनएससीपी आणि सायबरडक या तिघांनाही तो येतो.

‘कनेक्शन वाढवा.’ हे अर्धं बरोबर आहे. हजारो लहान फाइली असतील तर फायदा होतो, कारण प्रत्येक फाइल उघडणं, लिहिणं, बंद करणं यात सर्व्हरशी येरझाऱ्या होतात आणि त्या समांतर चालतात. फाइल एकच आणि मोठी असेल तर फाइलझिलामधला एकाच वेळच्या ट्रान्सफरचा आकडा २ वरून १० केल्याने काही फरक पडत नाही. ती एकाच कनेक्शनवरून जाते. उलट सर्व्हरने मर्यादा घातली असेल तर तो ४२१ क्रमांकाची त्रुटी देऊन दार लावतो. शक्य असेल तिथे सगळं झिप करून पाठवावं आणि सर्व्हरवर उलगडावं, हा उपाय जास्त कामाचा.

‘पासवर्ड तुमच्याच कॉम्प्युटरवर राहतो.’ राहतो, पण कसा? फाइलझिला बरीच वर्षं साइट मॅनेजरचे (सेव्ह केलेल्या सर्व्हरच्या यादीतले) पासवर्ड कूटबद्ध न करता साध्या फाइलमध्ये ठेवत असे. मास्टर पासवर्डची, म्हणजे बाकीचे पासवर्ड कुलूपबंद करणाऱ्या एका पासवर्डची, सोय २०१७ मध्ये आली, आणि ती सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावी लागते. विनएससीपीतही मास्टर पासवर्ड न लावता सेव्ह केलेला पासवर्ड पुन्हा उलगडता येतो. सायबरडक पासवर्ड मॅकच्या किचेनमध्ये (मॅकच्याच कूटबद्ध पासवर्ड-साठ्यात) ठेवतो, ती पद्धत बरी. पासवर्ड चोरणारे मालवेअर नेमक्या याच प्रोग्रामच्या फाइली शोधतात. त्यामुळे प्रोग्राम बसवल्यावर पहिलं काम मास्टर पासवर्ड लावण्याचं. त्याहून चांगलं म्हणजे पासवर्डऐवजी एसएसएच की (किल्लीसारखी वापरायची फाइल) वापरणं, आणि त्या कीलाही पासफ्रेज, म्हणजे तिचा स्वतःचा पासवर्ड, देणं.

‘१०० टक्के दिसलं की झालं.’ एफटीपीमध्ये अॅस्की आणि बायनरी असे दोन मोड आहेत. अॅस्कीमध्ये ओळींच्या शेवटची चिन्हं बदलली जातात. मजकुरासाठी ते ठीक, पण फोटो किंवा झिप फाइल तशी गेली तर १०० टक्के दाखवूनही बिघडलेली पोहोचते. शंका असेल तर बायनरी ठेवा, त्यात फाइल जशीच्या तशी जाते. दुसरी गोष्ट, ट्रान्सफर मध्येच तुटला तर काय होतं हे बघा. विनएससीपी एसएफटीपीवर मोठी फाइल आधी ‘फाइलपार्ट’ अशा शेपटीच्या नावाने चढवतो आणि पूर्ण झाल्यावरच मूळ नाव देतो, त्यामुळे चालू वेबसाइटवर अर्धवट फाइल येत नाही. महत्त्वाच्या बॅकअपसाठी दोन्हीकडचा एसएचए-२५६ (फाइलमधल्या डेटावरून निघणारा ओळख-आकडा) काढून जुळवावा, तोवर मूळ प्रत पुसू नये.

या सल्ल्यात एका गोष्टीचा उल्लेखच नाही: सर्व्हरची ओळख. एसएफटीपीने पहिल्यांदा जोडताना प्रोग्राम होस्ट कीचा, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या कीचा, ठसा दाखवून विचारतो, आणि बहुतेक जण न वाचता ‘हो’ दाबतात. तो ठसा होस्टिंगवाल्याकडून आलेल्या माहितीशी ताडून बघा. पुढे कधी ‘की बदलली आहे’ असा इशारा आला, तर तिथेच थांबा आणि सर्व्हर खरंच बदलला का हे विचारून घ्या. उत्तर येईपर्यंत पासवर्ड टाकू नका.