लॅटिन अभिजात होती म्हणून मेली नाही

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून एक वाक्य सतत कानावर येतंय. ‘अभिजात म्हटलं की भाषा संपलीच समजा, लॅटिनचं काय झालं बघा!’ फेब्रुवारीत गौरव दिन जवळ आला की ते हमखास उगवतं. म्हणणाऱ्याला मराठीची काळजी असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण लॅटिनचं काय झालं, हे मात्र कुणी बघितलेलं नसतं.

माझं आयुष्य वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेलं, त्यामुळे लॅटिनशी माझा संबंध पोटापाण्याचा. रोमन महाकवी व्हर्जिल वाचायला घेतला तर दोन ओळींत दम लागेल. पानाचा आकार, देठावरची लव, फुलाच्या पाकळ्या एवढं मात्र लॅटिनमध्ये वाचता येतं. थोडक्यात, कामापुरती येते. आणि माझा दावा असा आहे की ही भाषा हजारेक वर्षं जगवली ती माझ्यासारख्या कामापुरती येणाऱ्यांनीच.

तारखाच बघा. पश्चिम रोमन साम्राज्य ४७६ मध्ये बुडालं. ८१३ मध्ये फ्रान्समधल्या तूर इथे भरलेल्या धर्मसभेने ठरवलं की प्रवचनं लोकांच्या बोलीत करा, लॅटिन त्यांना कळत नाही. म्हणजे घरात बोलायची भाषा म्हणून तिचा कारभार तेव्हाच आटोपला होता. तिची खरी नोकरी सुरू झाली ती त्यानंतर. विद्यापीठं, न्यायालयं, वैद्यक, जमिनीची दस्तऐवजं, राजांचे खलिते. ज्यांनी हे सगळं लिहिलं त्यांच्यापैकी एकाचीही ती आईची भाषा नव्हती. कुणी इंग्रज, कुणी पोल, कुणी जर्मन. सगळेच तिच्यात परके, त्यामुळे सगळेच सारखे.

१६८९ चा नेर्चिन्स्कचा तह मला यासाठी फार आवडतो. एकीकडे रशिया, दुसरीकडे चीनचे छिंग सम्राट, वाद सैबेरियाच्या सरहद्दीचा. दोन्हीकडे लॅटिन ना दरबारात, ना बाजारात. तरी तहाचा अधिकृत मजकूर लॅटिनमध्ये लिहिला गेला, कारण चिनी बाजूने दुभाषे म्हणून दोन जेझुइट पाद्री होते, एक पोर्तुगीज परेरा आणि दुसरा फ्रेंच जेर्बियाँ. रोम कुठे आणि अमूर नदीचं खोरं कुठे!

त्याच सुमाराचं न्यूटनचं उदाहरण. गुरुत्वाकर्षणावरचा त्याचा ग्रंथ १६८७ चा, लॅटिनमधला. प्रकाशावरचं पुस्तक त्याने १७०४ मध्ये चक्क इंग्रजीत काढलं. तर दोन वर्षांत, १७०६ ला, त्याचा लॅटिन अनुवाद काढावा लागला. इंग्लंडबाहेर इंग्रजी वाचतो कोण? (हे वाक्य आज लिहिताना मला जरा गंमत वाटते आहे.)

पण ‘कुणाचीच नाही’ या गुणाची खरी परीक्षा पाहायची तर हंगेरीत जायला हवं. या राज्यात मॅग्यार (म्हणजे मूळ हंगेरियन), क्रोएट, स्लोवाक, जर्मन, रुमानियन असे सगळे नांदत होते आणि राज्यकारभार लॅटिनमध्ये चालायचा. १७८४ मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफने हुकूम काढला की आता कारभार जर्मनमध्ये. त्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचंच होतं, मेलेली भाषा कशाला वागवायची? हंगेरीचे सरदार खवळले. लॅटिनवर त्यांचं प्रेम उतू चाललं होतं असं नाही, पण जर्मन म्हणजे व्हिएन्ना, आणि लॅटिन म्हणजे कुणीच नाही. १७९० मध्ये मरायच्या आधी जोसेफला आपले बहुतेक हुकूम मागे घ्यावे लागले. पुढची गंमत आणखी बोलकी आहे. १८४४ मध्ये त्याच हंगेरीने लॅटिन काढून मॅग्यार भाषा अधिकृत केली, तेव्हा क्रोएट प्रतिनिधी लॅटिनला चिकटून बसले. नेमका तोच युक्तिवाद, फक्त आता समोर व्हिएन्नाऐवजी मॅग्यार. १८४७ ला क्रोएटांनी स्वतःची भाषा अधिकृत केली आणि तिथेही लॅटिनची सुट्टी झाली.

१९६५ मध्ये मद्रास राज्यात हिंदीविरुद्ध आंदोलन पेटलं आणि आपल्याकडे इंग्रजी राहिली, त्यामागचं कारण काही फार वेगळं नव्हतं. त्यावर इथे भांडण नको, फार लांबेल.

म्हणजे लॅटिन एका झटक्यात गेली नाही. तिची एकेक नोकरी सुटत गेली. विज्ञानातली, संसदेतली, मग चर्चमधली. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना वाट करून दिली आणि गोव्यात लॅटिन मिसाच्या (चर्चमधल्या मुख्य प्रार्थनाविधीच्या) जागी कोंकणी मिस आली. लहानपणी अर्थ न कळता लॅटिन उत्तरं पाठ म्हटलेली पिढी गोव्यात अजून भेटते.

मात्र नोकऱ्या सुटण्याआधीच तिला सोवळ्यात नेऊन बसवणारे निघाले होते, आणि माझा राग आहे तो त्यांच्यावर. मध्ययुगातल्या कारकुनांची लॅटिन ओबडधोबड होती, पण नवी गोष्ट समोर आली की ते बेधडक नवा शब्द पाडायचे. प्रबोधनकाळातल्या पंडितांना याची शिसारी आली. प्राचीन रोमचा वक्ता सिसेरो याने वापरलं तेवढंच शुद्ध, बाकी सगळं बाटलेलं! डच विद्वान इरॅस्मसने १५२८ मध्ये या लोकांची एका संवादात यथेच्छ टिंगल केली आहे. त्यातला एक महाभाग सिसेरोच्या लिखाणात सापडत नाही असं शब्दाचं रूपसुद्धा वापरत नाही. एकेका वाक्यासाठी रात्र रात्र जागतो, दारं-खिडक्या बंद करून. इरॅस्मस स्वतः उत्तम लॅटिन लिहायचा, तरी त्याला कळत होतं की ज्या भाषेत चुकायची भीती वाटते तिच्यात लोक कामं करायचं सोडून देतात.

११ फेब्रुवारी २०१३ ला पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी आपण पायउतार होत असल्याचं लॅटिनमध्ये जाहीर केलं. ती बातमी जगाला पहिल्यांदा दिली इटलीच्या आन्सा वृत्तसंस्थेच्या जोव्हान्ना कीरी यांनी, कारण त्यांना लॅटिन कळत होतं. मला याहून आवडलेला भाग पुढचा. त्या निवेदनात व्याकरणाच्या चुका निघाल्या! मी म्हणतो, निघू देत. सहाशे वर्षांत न घडलेली गोष्ट त्या भाषेत सांगून झाली, आणि ऐकणाऱ्याला ती कळली.

आता दुसरी बाजू, कारण वर मी लॅटिनचं जरा जास्तच कौतुक केलं. सगळे सारखे परके, असं म्हटलं खरं, पण या ‘सगळ्यां’त कोण होतं? शाळेत जाऊ शकणारे, आणि त्यातही बहुतेक सगळे मुलगेच. आपल्या किनाऱ्यावरचं उदाहरण देतो. कोचीचा डच अधिकारी व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. १६७८ ते १६९३ दरम्यान तो ॲमस्टरडॅमला छापला गेला, लॅटिनमध्ये. सातशेहून जास्त झाडं, एकेक चित्र बघत राहावं असं. माहिती पुरवली ती इट्टी अच्युदन या केरळी वैद्याने आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांनी. या तिघांचं १६७५ चं नागरी लिपीतलं निवेदन पहिल्या खंडात छापलेलं आहे, आजही वाचता येतं. युरोपात, वनस्पतींना दोन शब्दी नावं देण्याची पद्धत रुळवणाऱ्या लिनेअसपर्यंत सगळ्यांनी हा ग्रंथ वापरला. आणि ज्यांची विद्या त्यात होती, त्यांच्या नातवा-पणतवांना त्यातलं एक पान वाचता येत नव्हतं. के. एस. मणिलाल या केरळच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने लॅटिन शिकून, कित्येक वर्षं खपून त्याचं इंग्रजी केलं आणि ते २००३ मध्ये आलं. तीनशे वर्षं! लॅटिनच्या सार्वत्रिकपणाच्या गप्पा कुणी मारल्या की मला हे आकडे आठवतात.

माझ्या विषयात तर लॅटिन सर्वांत उशिरापर्यंत नोकरीत होती. १९३५ पासून नियम होता की वनस्पतीची नवी जाती जाहीर करायची तर तिचं वर्णन लॅटिनमध्ये हवंच. सह्याद्रीच्या सड्यावर पावसात भिजून एखाद्या विद्यार्थ्याने नवं कंदीलपुष्प शोधलं तरी शेवटी घोडं अडायचं ते चार ओळींच्या लॅटिनवर. मग ते लिहून देणारा माणूस शोधा, त्याच्या मिनतवाऱ्या करा. प्राणिशास्त्रवाले आमच्याकडे बघून हसायचे, त्यांना ही सक्ती नव्हती. २०११ मध्ये मेलबर्नला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत नियम बदलला आणि १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालू लागली. काही ज्येष्ठ हळहळले. मी नाही हळहळलो. ते काम लॅटिनने चोख केलं होतं, पण आता ते इतरांना जमत होतं.

वनस्पतींची शास्त्रीय नावं मात्र अजून लॅटिन घाटाचीच, आणि ती राहावीत असं माझं स्पष्ट मत आहे. वाद व्हायचाच तर तो नावं कुणाची, यावर व्हावा. २०२४ च्या माद्रिद परिषदेत आफ्रिकी लोकांना शिवी ठरणारं एक विशेषण दोनशेहून जास्त वनस्पतींच्या नावांत बदलायचं ठरलं, ते योग्यच झालं. आपल्या जुन्नरकडच्या शिंदळ माकुडी या वनस्पतीला ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ डालझेलने मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव दिलं. पुढे वर्गीकरण बदललं, नावाचा पहिला शब्द बदलला, तरी दुसऱ्या शब्दात फ्रियरसाहेब ठाण मांडून आहेत. त्यांना उठवा असं मी म्हणत नाही, जुन्या नावांची मोडतोड केली की संदर्भांचा घोळ होतो. पण पुढची नवी जाती जाहीर करणाऱ्याने मार्गदर्शकाच्या किंवा कुलगुरूंच्या नावाला लॅटिन प्रत्यय लावण्याआधी, कड्यावर नेऊन झाड दाखवणाऱ्या गुराख्याचं नाव विचारून घ्यावं. त्यालाही तोच प्रत्यय लागतो, आणि नियमांत त्याला कुठेही आडकाठी नाही.