मुंग्यांकडे लक्ष देऊ नका

अंडी-मासे तुमच्या घरात कधी शिजलेच नाहीत. मग तुम्ही चहातलं दूध सोडलंत, पाठोपाठ दही गेलं, ताक गेलं. आता ताटात मोड आलेले मूग, काकडी आणि इतरांच्या ताटाकडे टाकायचा एक कटाक्ष एवढंच उरलंय. अभिनंदन! यापुढे पथ्य एकच: शरीराचं काहीही होवो, त्याचा संबंध ताटाशी जोडायचा नाही.

सुरुवातीला कष्ट नाहीत. दूध-अंडी-माशांतून मिळणारं बी-१२ जीवनसत्त्व यकृतात साठलेलं असतं आणि ते काही वर्षंही पुरतं. (जन्मापासून शाकाहारी असाल तर पुंजी बेताचीच असू शकते, पण तेवढ्यावरून हिरमुसू नका.) याच काळात जमेल तितक्यांना दीक्षा देऊन घ्या. पुढे जिना चढताना धाप लागते, उपदेश नीट होत नाही.

हा साठा आटून तळपायांना मुंग्या येऊ लागल्या की चपला बदला. जीभ लाल, गुळगुळीत होऊन आमटी झोंबू लागली, तर स्वयंपाक करणाऱ्यावर खेकसा. बोटांची पेरं काळवंडली? ऊन फार आहे यंदा. नावं आठवत नाहीत? वय झालं, छत्तिशीत असलात तरी झालं. सकाळी डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना तोल गेला तर बेसिन घट्ट धरा. पायांकडून मेंदूला जाणारी खबर अर्ध्या वाटेत अडते आणि एरवी डोळे सांभाळून घेतात, म्हणून हे तोंड धुतानाच उघडं पडतं. तेव्हा तोंड डोळे उघडे ठेवूनच धुवावं.

आता खास युक्ती. मनानेच फोलिक अॅसिड (म्हणजे गोळीतलं फोलेट) सुरू करा. हिमोग्लोबिन सुधारतं, रिपोर्ट घरात फिरवता येतो आणि मज्जातंतूंची झीज आत निवांत चालू राहते. तसं मूग-पालकात फोलेट भरपूर असल्याने तुमचं रक्त कदाचित मुळात चुगली करणारच नाही. जोडीला स्पिरुलिना घ्या. त्यातलं बी-१२ बहुतांशी तोतया, शरीराच्या काही कामाचं नाही. पण रंग काय सुरेख!

डॉक्टरांनी ‘काय काय खाता?’ विचारलं तर ‘सगळं’ म्हणा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर तेही गिळून टाका. तिनेही बी-१२ कमी होतं, हे त्यांना आठवायला नको. बी-१२च्या गोळ्या लिहून दिल्याच तर औषधवाल्याशी वाद घाला की हे प्राण्यांचं आहे. तो सांगेल, ते कारखान्यात जिवाणूंकडून बनवून घेतात, गाईच्या पोटातही ते जिवाणूच बनवतात. डबीवरचा हिरवा ठिपकासुद्धा दाखवेल. चष्मा घरी राहिलाय म्हणा.