नूकमधल्या कॉन्सुलेट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ग्रीनलंडची राजधानी नूक इथे देश आपापली कॉन्सुलेट, म्हणजे राजदूतावासाहून धाकटी कचेरी, उघडतात, ही मोठी गोष्ट आहे असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ग्रीनलंड डेन्मार्कच्या राज्यात आहे, परराष्ट्र व्यवहार कोपनहेगनच्या हातात. मुंबईत इतक्या देशांच्या वकिलाती आहेत म्हणून महाराष्ट्र वेगळा देश होत नाही, तसंच नूकचं. मग हा राईचा पर्वत कशाला?

आधी माझी चूक. कॉन्सुलेट उघडणं म्हणजे ग्रीनलंडला 'मान्यता', असा शब्द मी वापरला होता, तो बरोबर नव्हता. कॉन्सुलेट उघडायला यजमान देशाची संमती लागते आणि इथे ती डेन्मार्कच देतो. नूकमध्ये राजदूत नसतो, कॉन्सुल असतो. लेखात दुरुस्ती केली आहे.

मुंबईचं उदाहरण मात्र पटत नाही. नूक वीसेक हजार वस्तीचं, सगळा ग्रीनलंड धरला तरी सुमारे ५७ हजार माणसं. तिथे आइसलँड २०१३ मध्ये आला, अमेरिका २०२० मध्ये, ते काही व्हिसाच्या रांगा लागतील म्हणून नव्हे. शिवाय २००९ च्या स्वशासन कायद्याचं कलम २१ सांगतं की स्वातंत्र्याचा निर्णय ग्रीनलंडची जनता घेईल. असं कलम महाराष्ट्राला नाही.

आणि अमेरिकेनं २०२० मध्ये कॉन्सुलेट उघडली नाही, पुन्हा उघडली. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीनं डेन्मार्क व्यापला, त्यानंतर काही आठवड्यांतच अमेरिकी कॉन्सुल गॉटहोबला, म्हणजे आजच्या नूकला, पोचला. चिंता होती ग्रीनलंडमधल्या इविट्टूटच्या खाणीतल्या क्रायोलाइट या खनिजाची. अ‍ॅल्युमिनियम बनवायला ते लागायचं, आणि अ‍ॅल्युमिनियम लागायचं विमानांना. पुढे १९५१ मध्ये अमेरिका आणि डेन्मार्कनं संरक्षण करार केला. त्यावर एकाही ग्रीनलंडवासीयाची सही नाही. १९५३ मध्ये ती कॉन्सुलेट बंद झाली. त्याच वर्षी वायव्य ग्रीनलंडमधल्या थूलेच्या अमेरिकी हवाई तळापायी तिथल्या इनुघुइट (उत्तरेकडचे इनुइट, म्हणजे ग्रीनलंडचे मूळ रहिवासी) कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्यांची शिकारीची जागा सोडून शंभरेक किलोमीटर उत्तरेला जावं लागलं. सगळं परस्पर ठरलं होतं.

२००४ मध्ये त्याच करारात बदल झाले. जागा होती इगालिकु, दक्षिणेतली मेंढ्या पाळणाऱ्यांची छोटीशी वस्ती. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल आणि डेन्मार्कचे परराष्ट्रमंत्री पेर स्टिग मोलर यांच्यासोबत या वेळी ग्रीनलंडच्या सरकारातले मंत्री योसेफ मोट्झफेल्ट यांनीही सही केली. कायद्यानं ग्रीनलंड तेव्हाही डेन्मार्कच्याच राज्यात होता. पण ही तिसरी सही माझ्या लेखी फार मोठी आहे. नूकमध्ये बसलेल्या कॉन्सुलला तिथल्या मंत्र्यांना भेटावं लागतं, दुकानात, बंदरावर लोकांच्या नजरेला नजर द्यावी लागते. परस्पर ठरवणं तेवढं अवघड होतं.

शेवटी तुम्ही विचारलंय, अशा कॉन्सुलेटमुळे ग्रीनलंडवर अमेरिकेचा दबाव वाढणार नाही का? वाढू शकतो, ही भीती मलाही वाटते. म्हणूनच तिथे एकाच बड्या देशाची पाटी असू नये असं मला वाटतं. फेब्रुवारी २०२६ मध्ये कॅनडानं नूकमध्ये कॉन्सुलेट उघडली, तेव्हा कॅनडाच्या गव्हर्नर जनरल मेरी सायमन तिथे हजर होत्या. त्या स्वतः इनुइट आहेत, समुद्रापलीकडच्या भाऊबंदांपैकी.