पोडियम धरून मोजा

जून लागला की ठाण्यातल्या सायकलवाल्यांची पंचाईत होते. येऊरचा चढ निसरडा होतो आणि घोडबंदर रोडवरचं डबकं होतं की खड्डा, हे चाक आत गेल्यावरच कळतं. मग कुणीतरी सुचवतं, "अरे, टॉवरमध्ये राहतोस ना? जिने चढ!" सल्ला बरोबर आहे. दुर्दैवाने.

हिशोबच मांडू. मजला साधारण 3 मीटर, पायऱ्या 18. म्हणजे 20 मजल्यांना 60 मीटर आणि 360 पायऱ्या. 70 किलोचा माणूस हे 4 मिनिटांत चढला, तर नुसतं वजन वर न्यायलाच सुमारे 170 वॉट लागतात. यात काय, असं म्हणणारा गडी बाराव्या मजल्यावर रेलिंगला लोंबकळताना दिसतो. कारण सायकलवर 90च्या कॅडेन्सला, म्हणजे मिनिटाला पेडलच्या 90 फेऱ्यांना, दोन्ही पाय मिळून मिनिटाला 180 वेळा दाब देतात. जिन्यावर या वेगाला पडतात फक्त 90 पावलं. वॉट तेवढेच, पण प्रत्येक पावलाला काम दुप्पट. त्यात वजन घ्यायला खाली सीट नाही, की हलका गिअर नाही. असलाच तर जड आहे: दोन-दोन पायऱ्या. त्याने नितंबांचे स्नायू चांगले जागे होतात, पण पहिल्या आठवड्यात त्यांना झोपू द्यावं.

मजले मोजताना लिफ्टच्या आकड्यांवर विसंबू नका. पार्किंगचे चार पोडियम कुणी मजल्यांत धरत नाही; पाय मात्र धरतात. काही इमारतींत तेरावा नसतोच, बारानंतर थेट चौदा. म्हणून पायऱ्या मोजाव्यात.

तळवा शक्यतो पूर्ण टेकवा. नुसत्या चवड्यांवर चढलात तर पोटरी आणि टाचेमागची शीर बोंब मारते. गुडघा पावलाच्या रेषेत ठेवा, आत वळू देऊ नका. रेलिंग तोल सांभाळायला आहे. त्याला धरून स्वतःला ओढलंत तर व्यायाम दंडाचा होतो. आणि क्लीटचे, म्हणजे पेडलला अडकणारे, बूट घालून जिन्यात येणाऱ्याला सोसायटीने दंड करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरा चढ मात्र शेजाऱ्यांच्या सामानाचा. चपलांचं स्टँड, बिनचाकी ट्रायसिकल, तुळशीची कुंडी, आणि पावसाळ्यात दारादारांत निथळणाऱ्या छत्र्या. त्या ओल्या लादीवर पाय सटकतो तो तिथेच. फायर डोअर बंद असल्याने वाराही नाही. सेन्सरवाला दिवा तर हालचाल थांबली की विझतो. धापा टाकत उभ्या माणसाला उजेडासाठी अंधारात हात हलवत बसावं लागतं. दम खायचाच तर रेफ्युज एरियात, म्हणजे आगीच्या वेळी थांबायला ठेवलेल्या जागेत, खावा. तिथे एक बाजू मोकळी असते.

उतरताना लिफ्ट. इथे अभिमान आड आणू नये. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन अडवतो. सायकलवर त्याला ही सवय जवळपास नसते. शिवाय लिफ्टची वाट पाहण्यात आयती विश्रांती मिळते. फक्त आत भाजीची पिशवी घेतलेल्या काकू असतात.

"लिफ्ट बंद होती का रे?"

"नाही काकू, व्यायाम. सायकलसाठी."

"मग सायकल विकलीस का?"

सुरुवात 10 मजल्यांच्या तीन फेऱ्यांनी करा, आठवड्यातून दोनदा. पहिले दोन-तीन मजले रमतगमत, अंग गरम होईपर्यंत. गुडघ्यात कळ आली तर तिथेच थांबा. मांडी दुखली तर ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच जास्त दुखते. कमोडवर बसताना भिंत धरावी लागते. तेव्हा रविवारी लोणावळा ठरलं असेल, तर गुरुवारनंतर जिन्याचं नाव काढू नका. शनिवारी लिफ्ट खरोखरच बंद पडली, तर पार्सल वॉचमनकडेच राहू द्या.