बाबूचं पोर्ट्रेट करून घ्यायचंय? मग एवढं कराच

कुत्र्याचं नाहीतर मांजराचं चित्र काढून घ्यायचं ठरलंय ना, मग आधी फोटोचं बघू. घरात बाबूचे चार हजार फोटो असले तरी मला पाठवायचा तो एकच, रात्री साडेअकराला, दिवे घालवून फ्लॅश मारून काढलेला. कुत्र्यामांजरांच्या डोळ्यात मागच्या बाजूला आरशासारखा एक थर असतो, त्यावर फ्लॅश पडला की डोळे हिरवेगार चमकतात आणि तुमचा बाबू थेट ताम्हिणीच्या जंगलातून उतरल्यासारखा दिसतो. फोन पार त्याच्या तोंडाला टेकवून काढलात तर अजून छान, नाक बटाट्याएवढं आणि कान शेंगदाण्याएवढे येतात. पाठवायचा मात्र व्हॉट्सअॅपवरच, तोही नणंदेनं तुम्हाला फॉरवर्ड केलेला. "डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर क्वालिटी जाते" असं मी चारदा लिहीन, तुम्ही फक्त अंगठा पाठवा. मग चित्र पूर्ण झाल्यावर नीट निरखून म्हणायचं, "सगळं छान आहे गं, पण डोळ्यात त्याचे ते भाव नाही आले."

आता दुसरा भाव. ए-फोर साइज, ३०० जीएसएमचा म्हणजे चांगला जाड कॉटन पेपर, वॉटरकलर, अडीच हजार, असं मी सांगितलं की तुम्ही आधी गप्प बसायचं. परवाच बाबूच्या आंघोळीला, नखांना आणि ब्लो-ड्रायला दीड हजार एका दमात देऊन आलात ते अजिबात बोलायचं नाही. मग हळूच विचारायचं, "आमचा पॉमेरेनियन आहे, लॅब्राडॉर नाही, तर लहान कुत्र्याला काही कमी होईल का?" कुत्रा काळा असेल तर, "एकच तर रंग आहे." (ट्यूबमधला काळा नुसता फासला की कुत्रा नाही, डांबर दिसतं, म्हणून मी अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट अंबर मिसळून काळा करते आणि पाठीवर जिथे आभाळ चमकतं तिथे निळा मोकळा सोडते, पण हे तुम्हाला कशाला.) पांढरा असेल तर मुद्दा अजूनच पक्का. वॉटरकलरमध्ये पांढरं म्हणजे न रंगवलेला कागद, मग जिथे मी काही केलंच नाही तिथले पैसे का द्यायचे? बरोबरच आहे. तो पांढरा वाचवायला बाजूचा एकेक केस ट्रिपल झीरोच्या बारीक ब्रशनं काढत मान आखडते, पण मान माझी आहे.

ड्रेसचं विसरू नका. सध्या बाणेर-औंधकडे पुणेरी पगडीची फार मागणी आहे. पग कुत्र्याला पगडी, खांद्यावर उपरणं, चेहऱ्यावर मात्र जन्मभराचा थकवा. तुम्ही म्हणता "क्यूट", आणि मी रात्री दोनपर्यंत विचार करत बसते की पगडी नक्की बसवायची कुठे, कारण पगचं कपाळ म्हणजे नुसत्या सुरकुत्या आणि कान दोन्ही बाजूंनी लोंबतात. पुणेरी पगडीला २००९ मध्ये जीआय टॅग, म्हणजे 'ही खास इथलीच' असा सरकारी शिक्का, मिळालाय, त्यात पग बसतो का हे कोणीतरी विचारून सांगा.

शिवाय दोन कुत्रे एकाच चित्रात घ्यायला सांगायचे, एक आत्ताचा आणि एक दहा वर्षांपूर्वी गेलेला. एकाच्या फोटोत ऊन डावीकडून, दुसऱ्याच्या ट्यूबलाइट उजवीकडून. "आणि मागे आजोबा घ्या, पण आजोबा हसत नाहीयेत तर थोडं हसव त्यांना."

डेडलाइन काय, "घाई नाही, उद्या बर्थडे आहे." भाच्यानं अॅपवर दोन सेकंदात काढलेलं चित्रही सोबत जोडा, "साधारण असं पाहिजे" म्हणून, त्यात कुत्र्याला पाच पाय असले तरी चालतील.

आणि हो, माझ्याकडे नारायण पेठेतून एक आजी आल्या होत्या, तसं मात्र कधीच वागू नका, धंद्याची सवय बिघडते. टिळक रोडला अभिनव कला महाविद्यालयात शिकले त्यात असं गिऱ्हाईक कोणी शिकवलं नव्हतं. फोटो दिवसाउजेडी गच्चीत काढलेले, पिशवीतून प्रिंट करूनच आणले. रस्त्यावरचाच कुत्रा, जिन्याखाली राहायचा, एक कान फाटलेला. मी सवयीनं विचारलं, कान नीट करून देऊ का?

"का? त्याला ऐकू येत होतं की."

पैसे पूर्ण आधीच दिले, मोजून, आणि वर पावती मागितली. मी लिहिलं, कुत्र्याचे चित्र, एक नग. आजींनी चष्मा वर केला, माझ्या हातातलं पेन घेतलं, 'कुत्र्याचे' वर काट मारली आणि बारीक अक्षरात लिहिलं, मोत्याचे.