सगळे शहर एकाच वेळी रजेवर

इटलीतल्या तोरिनो शहरात मी शिक्षणासाठी दोन वर्षे राहिले. तिथला पहिला ऑगस्ट मला अजून लख्ख आठवतो. कोपऱ्यावरच्या बेकरीच्या शटरवर 'रजेनिमित्त बंद' असे हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला होता, शेजारच्या न्हाव्याच्या दुकानावरही तसाच, आणि दुपारी रस्त्यावर स्वतःच्याच चपलांचा आवाज ऐकू येत होता. माझ्या घरमालकीणबाई तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. मी त्यांना सिन्योरा म्हणत असे. त्या म्हणाल्या की हे तर काहीच नाही, 1960 च्या दशकात फियाटचा कारखाना रजेसाठी बंद झाला की अख्खे तोरिनो बंद होत असे.

जुन्या इटालियन उन्हाळ्याची छायाचित्रे आपल्याकडेही पुष्कळ जण हौसेने टाकतात. पट्ट्यापट्ट्यांच्या छत्र्या, लिंबाची झाडे, व्हेस्पा स्कूटरवर मागे बसलेली मुलगी. ती पाहून वाटणारी हुरहुर मला खोटी वाटत नाही, कारण ती मलाही वाटते. मात्र आपण हळहळतो ती देखाव्यासाठी, आणि देखावा तर अजून जागेवरच आहे. दक्षिण इटलीतला आमाल्फीचा किनारा कुठेही गेलेला नाही. हरवली आहे ती सगळ्यांची एकत्र रजा, आणि माझ्या मते त्या काळातला सारा प्रणय त्या रजेतच होता.

15 ऑगस्टचा 'फेर्रागोस्तो' हा सण सम्राट ऑगस्टसच्या नावाने सुरू झालेल्या सुटीतून आला आणि पुढे चर्चने तो मेरीमातेच्या स्वर्गारोहणाशी जोडला. सण जुना असला, तरी कारखान्यातल्या सामान्य कामगाराला सहकुटुंब समुद्रावर जाणे परवडू लागले ते बहुतांशी दुसऱ्या महायुद्धानंतर. विमाने बनवणाऱ्या पियाज्जो कंपनीने 1946 मध्ये व्हेस्पा आणली. 1955 मध्ये फियाट 600 आली, तिची किंमत होती 5 लाख 90 हजार लिरा. दोनच वर्षांनी फियाट 500 आली, लांबीला तीन मीटरही न भरणारी आणि वर कापडी छत असलेली. मिलान ते नेपल्स हा 'सूर्याचा महामार्ग' 1956 मध्ये बांधायला घेतला आणि 1964 मध्ये पूर्ण झाला. ज्यांचे बालपण बॉम्बहल्ल्यांत आणि शिधापत्रिकेच्या रांगांत गेले, ती माणसे आता टपावर सामान बांधून मुलांना समुद्र दाखवायला निघाली होती. त्या छायाचित्रांतल्या चेहऱ्यांवरचा आनंद मला इतका खरा का वाटतो, याचे उत्तर मला इथे सापडते.

आपल्याकडच्या अनेकांच्या आठवणीत त्या काळाचा एक तुकडा नकळत शिरलेला आहे. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात तयार होणारी फियाट 1100 ही तिकडचीच गाडी. माझ्या आजोबांकडे ती होती, आणि मे महिन्यात टपावर वळकट्या बांधून आम्ही तिच्यातूनच कोकणात जात असू. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा तिचा गिअर सिन्योरांना मी हाताने करून दाखवला, तेव्हा त्या लगेच ओळखून हसल्या.

सिन्योरा मूळच्या दक्षिणेकडच्या पुल्या प्रांतातल्या. वडिलांना तोरिनोत काम मिळाले म्हणून कुटुंब उत्तरेत आले, आणि ऑगस्टमध्ये हजारो कुटुंबांप्रमाणे तेही दोरीने बांधलेल्या सुटकेस घेऊन आगगाडीने गावी परतत असे. गावी पहिले काम टोमॅटोचे. अंगणात घरच्या सगळ्या बायका पहाटेपासून टोमॅटो धूत, उकडत, गाळत, बाटल्यांत भरत. मग जुन्या चिंध्या गुंडाळून त्या बाटल्या पाण्याच्या पिंपात रचल्या जात आणि खाली जाळ घातला जाई. चिंध्या अशासाठी, की बाटल्या एकमेकींवर आपटून फुटू नयेत. दुपारी हिरव्या झडपा लावून सारे गाव झोपत असे. संध्याकाळी मात्र सगळे न्हाऊन-माखून, इस्त्रीचे कपडे घालून चौकात फेरफटका मारायला येत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे, पुन्हा वळायचे. मिलानहून आजोळी आलेला एक मुलगा तीन उन्हाळे त्यांच्या समोरून असाच येत-जात राहिला. बोलणे झाले ते तिसऱ्या वर्षी.

हे सांगताना त्यांनी त्या काळाला सोन्याचा मुलामा दिला नाही, आणि मीही देणार नाही. समुद्रावर भाड्याच्या खोलीत महिनाभर राहणाऱ्या आईला तिथेही स्वयंपाक चुकत नसे. घटस्फोटाचा कायदा थेट 1970 साली आला, त्यामुळे उन्हाळ्यात जमलेले एखादे लग्न जन्मभर ओझे होऊन राहिल्याचीही उदाहरणे त्यांच्या नात्यात होती. हे सारे मान्य करूनही मला त्या उन्हाळ्याचा हेवा वाटतो. वाट पाहण्याला तेव्हा निश्चित मुदत होती. ऑगस्ट येणार, तो येणार, आणि सप्टेंबर लागला की दोघेही आपापल्या शहरात परत जाणार, हे दोघांनाही ठाऊक असे.

आज रजा ज्याच्या त्याच्या सोयीने तुकड्यातुकड्यांत घेतली जाते. दिवसभरापुरत्या येणाऱ्या पर्यटकांकडून व्हेनिसने 2024 पासून गर्दीच्या दिवशी पाच युरो घ्यायला सुरुवात केली. सिसिलीत 11 ऑगस्ट 2021 रोजी पारा 48.8 अंशांवर गेला. ज्या उन्हावर एवढे प्रेम केले, त्याच उन्हाची आता धास्ती वाटते. समुद्रकिनारा विकत घेता येतो, खोली आगाऊ ठरवता येते, पण शेजारीपाजारी, न्हावी, बेकरीवाला आणि ज्याची वाट पाहायची तो मुलगा हे सगळे एकाच वेळी मोकळे असण्याची सोय कुठल्याही पैशाने होत नाही.

सिन्योरांच्या टेबलाच्या खणात टेलिफोनचे एक जुने टोकन होते, तांबूस रंगाचे, मधोमध खाच असलेले. त्या काळी सार्वजनिक फोनसाठी ते लागे आणि दुकानात सुट्ट्या पैशांऐवजीही चाले. मिलानला फोन करण्यासाठी म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवले होते. फोन केला का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी ते तळहातावर उलटे-सुलटे करून पाहिले, परत खणात ठेवले आणि मला टोमॅटोची बाटली उघडायला सांगितली.