आमची गाडी तापत नाही

गाडीबद्दल मी चारचौघांत एकच बढाई मारत आलोय: "काटा कधी वर जात नाही!" गाडी 1999 सालची. आरटीओत पुन्हापुन्हा नोंदणी करून जगवलेली. डावं दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही, हॉर्न तिच्या मर्जीने वाजतो. पण तापमानाचा काटा? भर मे महिन्यात लक्ष्मी रोडच्या गर्दीत अडकलो तरी हा तळाशी पथारी पसरून निवांत.

यंदा डिसेंबरात बायकोची दर सोमवारी मुंबईच्या ऑफिसची वारी सुरू झाली. 7:15 ची डेक्कन क्वीन, म्हणजे वारज्यातून सव्वासहाला निघणं आलं. पहिल्याच सोमवारी हिने डॅशबोर्डवरची दांडी निळ्याकडून लालकडे सरकवली आणि पंखा तीनवर केला. आवाज पिठाच्या गिरणीचा. हवा मात्र कुणीतरी लांबून सुस्कारा टाकावा तशी.

"हा हीटर आहे?"

"इंजिन तापलं की येईल गरम."

संगम पूल आला, इंजिन काही तापलं नाही. स्टेशनवर ही उतरली तेव्हा तिच्या अंगावर तिची शाल, माझी शाल आणि मागच्या सीटचं कव्हर होतं.

पुण्यात गाडीचा हीटर बिघडलाय हे कुणाला सांगायची सोय नाही. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "1935 साली पुण्यात पारा 1.7 वर गेला होता. तेव्हा कुठे होते हीटर?" तेव्हा काकाही नव्हते, पण हे त्यांना कोण सांगणार?

मग मी स्वतःच कंबर कसली. म्हणजे पाय सीटवर, डोकं पेडलपाशी, तोंडात टॉर्च. दांडीची केबल जागेवर होती, पाण्याचा कॉकही उघडत होता. रेडिएटर थंड असताना झाकण काढून पाहिलं, कूलंट काठोकाठ. पाइपात हवा अडकली असेल म्हणून गाडीचं तोंड चढाकडे करून, झाकण उघडं ठेवून अर्धा तास इंजिन चालवलं. दोन-चार बुडबुडे आले. ते पाहायला वॉचमनसकट सात माणसं जमली. हीटर ढिम्म.

शेवटी मिस्त्रींकडे. त्यांनी इंजिन चालू ठेवून हीटरकडे जाणारे दोन रबरी पाइप दोन हातांत धरले, नाडी बघावी तसे.

"एक गरम, एक गार असता तर हीटरची जाळी चोक म्हटलं असतं. हे दोन्ही कोमट आहेत. साहेब, इंजिनचं पाणीच तापत नाही. काटा कुठवर जातो?"

"जातच नाही!" मी छाती काढून म्हणालो. "चौदा वर्षांत एकदाही नाही."

मिस्त्रींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मुलाला चौदा वर्षं जेवायला घातलं नाही हे मी कौतुकाने सांगतोय. पाना घेऊन थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेचं, झाकण खोललं, आत टॉर्च मारला आणि म्हणाले, "घर आहे. माणूस नाही."

आणि मला एकदम खंबाटकी घाट आठवला. मे महिना, बॉनेटमधून वाफ आणि रस्त्याकडेचा तो देवदूत. "हे काढून टाकतो, परत कधी तापणार नाही," असं म्हणून त्याने एक पितळी चकती माझ्या हातावर ठेवली होती. शब्दाला जागला बिचारा. तेव्हापासून पाणी सदासर्वकाळ रेडिएटरमधून गार होऊन येतंय, इंजिन थंडीने कुडकुडतंय आणि पेट्रोल जास्त पितंय. मी मात्र ॲव्हरेज मिळत नाही म्हणून तीन पंप बदलले.

ती चकती अर्थातच मी टाकली नव्हती. माळ्यावरच्या बिस्किटांच्या डब्यात, जुन्या किल्ल्यांखाली सापडली. मधे स्प्रिंग, पोटात मेण, काठावर 82 चा आकडा. म्हणजे 82 अंशांना मेण पातळ होऊन फुगतं आणि झडप उघडते. म्हटलं, तपासून तर बघू. पातेल्यात पाणी ठेवून दोऱ्याने चकती आत सोडली. पाणी कोमट झालं, गरम झालं, खळखळा उकळलं. पठ्ठ्याने तोंड उघडलं नाही. खंबाटकीत हाच रुसून बसला होता तर! तिथे नवा घालायचा, तर मी जागाच रिकामी ठेवली. नेमकी तेव्हाच ही स्वयंपाकघरात आली. पातेलं दुधाचं होतं, हे मला त्यानंतर कळलं.

नाना पेठेतून नवा थर्मोस्टॅट आणला, मिस्त्रींनी बसवला, नवं कूलंट भरलं. पातेलंही नवं घ्यावं लागलं, तो हिशेब वेगळा.

पुढच्या सोमवारी करिश्मा सोसायटीपाशी काटा हलला. नळ स्टॉपला पाव, डेक्कनला थेट मध्यावर. माझ्या तळहातांना घाम फुटला. इंडिकेटर देऊन गाडी बाजूला घेतली आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"काय झालं?"

"गाडी तापली!"

हिने शाल काढली, घडी घालून मांडीवर ठेवली. मग घड्याळाकडे पाहिलं. "मग पैसे कशाचे दिले आपण? चालू कर. सात वाजायला आलेत."